पडद्याच्या अलीकडे कोण?

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत सहसा गुणवंतांविषयी लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. ज्या वस्त्यांतील माणसांना एकेकाळी शाळेच्या पायरीवर बसण्याचीही मुभा नव्हती, त्या वस्त्यांतील मुले-मुली आज डॉक्टर, अभियंते, तलाठी, प्राध्यापक झाली आहेत. त्यांची छायाचित्रे छापून यावीत, हा त्यांचा अधिकार आहे. या वेळी मात्र आम्ही अशा मुलांविषयी लिहिणार आहोत, ज्यांची नावे गुणवत्ता यादीत येत नाहीत आणि पुष्कळदा हजेरीपटावरही येत नाहीत. ही मुले वेळेवर मान धरत नाहीत, बसत नाहीत, चालत नाहीत, बोलत नाहीत. घरात त्यांच्याविषयी ‘होईल हळूहळू’ असे म्हटले जाते आणि शाळेत ‘मठ्ठ’ असे. वैद्यकीय भाषेत याला विकासातील विलंब म्हणतात.

अशा मुलांचे काम औषधाच्या बाटलीने भागत नाही. स्नायू आणि सांध्यांना हालचाल शिकवणारे फिजिओथेरपिस्ट, जेवणे, कपडे घालणे, पेन्सिल धरणे ही रोजची कामे मुलाच्या हाताला यावीत म्हणून झटणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आणि ऐकणे, बोलणे, घास गिळणे यांकडे पाहणारे स्पीच थेरपिस्ट, अशी माणसे त्यांना लागतात. हा उपचार एका खेपेचा नसतो. आठवड्यातून एक-दोनदा, महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे तो चालवावा लागतो. आणि पहिल्या तीन वर्षांत सुरू झाला तर त्याचा गुण सर्वांत अधिक येतो. धनजहून जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे वाशीमला जायचे तर कारंजा ओलांडून पुढे जावे लागते. एक दिवस मोडतो, आईची मजुरी बुडते, आणि सोयाबीनच्या हंगामात तर मालक दुसऱ्या दिवशी कामावर घेईलच याची खात्री नसते. दोन-चार खेपा होतात आणि मग पालक थांबतात. त्यांना मुलाची माया नसते म्हणून नव्हे; त्यांना परवडत नाही म्हणून.

२०२० च्या टाळेबंदीत थेरपीची केंद्रे बंद पडली तेव्हा थेरपिस्टांनी मोबाइलच्या व्हिडिओ कॉलवरून काम सुरू केले. टाळेबंदी उठली, पण ही पद्धत राहिली. आता ‘खेड्यातील मुलांसाठी हाच उपाय’ असे मोठ्या उत्साहाने सांगितले जाते. या उत्साहाविषयी आम्हांला काही म्हणायचे आहे.

गेल्या पोळ्याच्या सुटीत धनजमधील एका घरी आम्ही हा प्रकार प्रथमच जवळून पाहिला. मूल साडेतीन वर्षांचे. जन्मले तेव्हा बराच वेळ रडले नव्हते, असे आजी सांगत होती. उभे केले की त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत. आई निंदणाला जाणारी. घरात मोबाइल एकच, तोही वडिलांच्या खिशात. म्हणून वडील कामावरून परतल्यावर सायंकाळी साडेसातची वेळ ठरलेली. रेंज ओसरीच्या एकाच कोपऱ्यात येई. पलीकडे अमरावतीची एक फिजिओथेरपिस्ट. ती शांतपणे सांगत होती, ताई, गुडघ्याच्या थोडे वर धरा, पाय हळूहळू बाहेर न्या, झटका देऊ नका. आईच्या एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात मूल. मोबाइल खाली ठेवावा तर पलीकडे नुसते छत दिसे. वर धरावा तर दोन्ही पाय धरायला हात उरेना. वडील दिवसभराच्या कामाने थकून भिंतीला टेकले होते आणि मुलाच्या पायाला हात लावायला ते भीत होते. शेवटी शेजारची, आपल्याच शाळेत नववीत शिकणारी आणि सुटीत घरी आलेली मुलगी पुढे झाली. तिने मोबाइल धरला, सांगितले तसा कोन बदलला, मधूनमधून आवाज तुटला की थेरपिस्टचे वाक्य आईला पुन्हा ऐकवले. त्यानंतरची वीस मिनिटे खरोखर थेरपी झाली.

त्या प्रसंगानंतर आम्ही तीन थेरपिस्टांशी सविस्तर बोललो. एक ही अमरावतीची, दुसऱ्या नागपुरातील स्पीच थेरपिस्ट, आणि तिसरी पुण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट असलेली आपल्याच समाजातील एक कन्या. आम्ही वैद्यकातले नाही. इतिहासाचे शिक्षक आहोत. तेव्हा जे ऐकले ते आमच्या समजुतीप्रमाणे मांडतो.

अमरावतीच्या बाईंचे मत सर्वांत सावध होते. स्नायू किती ताठ आहे हे हाताला कळते, डोळ्याला कळत नाही, असे त्या म्हणाल्या. म्हणून पहिली तपासणी प्रत्यक्ष झाल्याशिवाय त्या कोणत्याही मुलाला व्हिडिओवर घेत नाहीत, आणि दर काही महिन्यांनी मूल एकदा समोर यावे असा आग्रह धरतात. पायाला पट्टा किंवा विशेष बूट बसवायचा असेल तर त्याचे माप पडद्यावरून घेता येत नाही. चुकीचे माप कोवळ्या कातडीला जखम करते. नागपूरच्या बाईंनी याला आपली भर घातली. जेवताना वारंवार ठसका लागणाऱ्या मुलाला कोणता घास कसा द्यायचा, हे त्या सुरुवातीला तरी मोबाइलवरून सांगत नाहीत. घास श्वासनलिकेत गेला तर पलीकडे बसून त्या काय करणार? ऐकण्याची तपासणीही तशीच. तिला यंत्र लागते आणि शांत खोली लागते.

मात्र याच नागपूरच्या बाई व्हिडिओ थेरपीच्या सर्वांत मोठ्या समर्थक निघाल्या, याचे आम्हांला नवल वाटले. त्यांचे कारण ऐकण्यासारखे आहे. दोन-अडीच तास बसमध्ये हेलपाटून आलेले मूल केंद्रात शिरताच रडू लागते. अर्धी वेळ त्याला शांत करण्यात जाते. घरी तेच मूल आपल्या मांजरामागे धावते, आजीला हाक मारण्याचा प्रयत्न करते. त्याचे खरे बोलणे, असेल तेवढे, घरीच ऐकायला मिळते. त्यांचे एक वाक्य आमच्या लक्षात राहिले: “केंद्रात आई बाकावर बसते आणि मी मुलाशी खेळते. मोबाइलवर मी बाकावर बसते आणि आई खेळते.” आठवड्यातला एक तास थेरपिस्टचा, उरलेले सर्व तास आईचे. तेव्हा आईला शिकवले तर मुलाला अधिक मिळते, असा त्यांचा हिशेब आहे.

पुण्याच्या मुलीने घराविषयी जे सांगितले ते कोणत्याही पुस्तकात सापडेल असे आम्हांला वाटत नाही. केंद्रात ती पालकांना मुलासाठी विशेष खुर्ची घ्यायला सांगत असे. पालक मान डोलवत आणि खुर्ची कधीच घेत नसत. व्हिडिओवर एकदा तिला एका कुटुंबाचे घर दिसले: एकच खोली, कोपऱ्यात धान्याची पोती. तिने दोन पोती कोपऱ्यात थोडी सरकवायला सांगितली आणि त्यांच्या मधोमध मुलाला बसवले. मूल आधाराने ताठ बसले, दोन्ही हात मोकळे झाले. बोटांच्या चिमटीसाठी केंद्रात रंगीत मणी असतात. आपल्या घरी तुरीच्या शेंगा सोलणे आहे, कणकेचा गोळा आहे, तांदळातले खडे वेचणे आहे. ही मुलगी स्वतः अशाच घरात वाढली, म्हणून तिला पोत्यांचा उपयोग सुचला, असे आमचे मत आहे. ज्याने तुरीची शेंग कधी सोलली नाही त्याला ते सुचले असते की नाही, याची आम्हांला शंका वाटते.

तक्रारीही तिघींनी मोकळेपणाने सांगितल्या. रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ येतात, ‘मॅडम, हे बरोबर आहे का?’ त्याचे उत्तर द्यायचे की नाही? त्या वेळेचे मोल कोणी धरत नाही. ज्या मोबाइलवर मुलाला कार्टून पाहायची सवय, त्याच मोबाइलवर थेरपी. थेरपिस्टचा चेहरा दिसला की मूल कार्टूनसाठी आक्रोश करते. काही मुले पडद्याकडे पाहतच नाहीत. ओसरीवर बसून बोलावे तर अर्धी गल्ली ऐकते आणि ‘त्यांच्या पोराला काहीतरी आहे’ ही बातमी होते. आपल्या लेकराचा उघड्या अंगाचा व्हिडिओ कोणाच्या मोबाइलमध्ये किती दिवस राहणार, हे आईने विचारले तर उत्तर कोणी द्यायचे? लहान मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक आहे, असे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो. त्याची आठवण या घाईत कोणाला राहते, असे दिसत नाही. आणि सर्वांत गंभीर तक्रार अशी, की केंद्रात येणारे मूल आले नाही तर ते लक्षात येते. पण मोबाइलवरचे मूल एक कॉल चुकले, दुसरे चुकले, रिचार्ज संपले आणि नाहीसे झाले, तर कोणी चौकशी करत नाही.

तिघींच्या मतांत असे पुष्कळ अंतर आहे. पण आम्ही प्रत्येकीला विचारले, व्हिडिओवर गुण कोणत्या मुलाला येतो? तिघींनी जवळजवळ एकच उत्तर दिले. ज्या मुलाजवळ अलीकडे शिकलेला हात असतो, त्याला.

इथे आम्हांला इतिहासातील एक थर्मामीटर आठवतो.

१९२९ च्या डिसेंबरात गांधीजींच्या ‘यंग इंडिया’त काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र छापून आले होते. बाबासाहेबांनी ते ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आत्मकथनपर लेखनात घेतले आहे. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातील प्रतिष्ठितांच्या मिनतवाऱ्या झाल्या, फीची हमी दिली गेली, तेव्हा तो वस्तीच्या बाहेर थांबून तपासायला राजी झाला. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या लेकरासह रात्री घराबाहेर आणावे लागले. डॉक्टरने आपला थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती दिला, नवऱ्याने पत्नीला लावला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात त्यावरचा आकडा पाहून डॉक्टरने न्युमोनिया असल्याचे सांगितले आणि तो निघून गेला. पुढे तो पुन्हा आला नाही. बाई दगावली. आपल्यासारखाच एक शिक्षक होता तो.

मोबाइलवरील थेरपी म्हणजे नवी अस्पृश्यता, असा याचा अर्थ कोणी काढू नये. तो अन्याय होईल. काठेवाडातला डॉक्टर चार पावलांवर उभा होता आणि त्याला जवळ यायचे नव्हते. अमरावतीच्या बाई कित्येक कोसांवर आहेत आणि त्या जवळ येण्यासाठी धडपडत आहेत. त्या मुलाला नावाने हाक मारतात, आईला ताई म्हणतात. अंतर दोन्हीकडे असले तरी त्यांची जात वेगळी आहे. पण आमच्या समाजाच्या स्मृतीत ‘दुरून तपासणे’ या शब्दांना जो इतिहास चिकटलेला आहे तो विसरून आम्हांला विचार करता येत नाही. थर्मामीटर हातोहात फिरत होता, पण ज्याच्या हाती शेवटी तो पोचत होता त्याला काही शिकवलेले नव्हते, आणि डॉक्टर गेल्यावर तिच्या उशाशी जाणता माणूस उरला नव्हता. आज ओसरीवरच्या त्या आईच्या हाती मोबाइल देऊन आपण निघून गेलो, तर आपल्याला जाब विचारण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.

आमची भीती आणखी एक आहे. हळूहळू अशी व्यवस्था रूढ होईल की शहरातल्या, फी देऊ शकणाऱ्या मुलाला थेरपिस्टचे हात मिळतील, आणि धनजच्या मुलाला तिचा चेहरा मिळेल. मग ‘सेवा पोचली’ अशी नोंद होईल. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. अशा जिल्ह्यांत आकड्यांना फार महत्त्व असते, आणि व्हिडिओ कॉलचा आकडा भरणे सोपे असते.

कायदा काय म्हणतो तेही पाहावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ मध्ये दिव्यांगांना, विशेषतः ग्रामीण भागात, त्यांच्या परिसरात मोफत आरोग्यसेवा देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा शासनाने ठरवायची आहे. सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करून धोक्यातील मुले शोधावीत, असेही त्याच कलमात आहे. ‘परिसरात’ या शब्दाचा अर्थ मोबाइलच्या पडद्यावर असा होतो का? आम्ही वकील नाही, पण आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

शासनाने काहीच केले नाही असेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात, आणि विकासातील विलंब हा त्यांच्या तपासणीचा ठरलेला भाग आहे. संशयित मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, तिथे फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक असावेत, अशी योजना आहे. कल्पना उत्तम आहे. अडचण ‘पाठवायचे’ या क्रियापदात आहे. चिठ्ठी मिळते, आणि चिठ्ठी घेऊन जाणारी आई कारंज्याच्या पलीकडे जात नाही. २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची जी मार्गदर्शक तत्त्वे आली ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी होती; ई-संजीवनीची व्यवस्थाही मुख्यतः डॉक्टरांच्या सल्ल्यासाठी उभी राहिली. डॉक्टरचा सल्ला एकदा घेऊन चालतो. थेरपिस्ट मात्र दर आठवड्याला लागतो, आणि तोच लागतो.

मग मधला मार्ग आहे काय? आहे, आणि त्याचा सर्वांत भक्कम दाखला आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्या ‘आरोग्यदूत’ फार शिकलेल्या नव्हत्या. पण त्या गावातच राहत होत्या, त्यांच्या पिशवीत थर्मामीटर होता, आणि तो कसा लावायचा व कसा वाचायचा हे त्यांना नीट शिकवलेले होते. तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काठेवाडातील थर्मामीटर आणि गडचिरोलीतील थर्मामीटर यांत सत्तर वर्षांचे अंतर आहे. वस्तू तीच आहे.

गोव्यातील ‘संगत’ संस्थेने स्वमग्न मुलांसाठी याच दिशेने काम केले. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे मिळून ६५ मुलांच्या कुटुंबांबरोबर हा प्रयोग झाला. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तज्ज्ञ नसलेले, पण तज्ज्ञांच्या देखरेखीखाली शिकलेले कार्यकर्ते घरी जात. आई आणि मूल खेळत असताना चित्रफीत घेत आणि मग ती आईबरोबर बसून पाहत. इथे मूल तुझ्याकडे वळले होते, तुझ्या लक्षात आले का? एवढेच विचारत. आई मुलाला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागली आणि मूल स्वतःहून संवाद सुरू करू लागले, असे आढळले. तामिळनाडूतील आयिकुडी येथील अमर सेवा संगम या संस्थेत गावपातळीवरील पुनर्वसन कार्यकर्ते मोबाइल अ‍ॅप घेऊन घरोघर जातात आणि दूरचे थेरपिस्ट त्या अ‍ॅपवरून त्यांना मार्गदर्शन करतात. या सर्व ठिकाणी यंत्र आहे, चित्रफीत आहे, दूरचा तज्ज्ञही आहे. पण अलीकडे नेमून दिलेले, शिकवलेले माणूस आहे.

चित्रफितीची ताकद कमी लेखू नये. तीन ते पाच महिन्यांचे बाळ उताणे निजून हातपाय कसे हलवते, याची काही मिनिटांची चित्रफीत पाहून जाणकार मेंदूच्या पक्षाघाताचा धोका ओळखू शकतात. हाइन्त्स प्रेख्टल या शास्त्रज्ञाच्या अभ्यासातून ही पद्धत घडली. अशी चित्रफीत पालक घरीच घेऊ शकतात. वर्षभर थांबून ‘अजून बसत नाही’ म्हणण्यापेक्षा हे कितीतरी बरे. मात्र ती पाहणारा प्रशिक्षित असावा लागतो, आणि धोका दिसल्यावर पुढे जायला वाट असावी लागते.

आता आमच्या स्वतःच्या पेशाविषयी. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, दुसऱ्या एका गावी, आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसत असे. प्रश्न विचारला की तो नुसता पाहत राही. आम्ही त्याला सर्वांसमोर ‘ढ’ म्हटले आहे, एकदा नव्हे, अनेकदा. सातवीत त्याने शाळा सोडली. पुष्कळ वर्षांनी कारंज्याच्या बसस्थानकावर त्याने आम्हांला ओळखले आणि पाया पडायला वाकला. त्याच्या कानात श्रवणयंत्र होते. कोणताही रोष न ठेवता तो म्हणाला, “सर, तुमी फयाकडे तोंड करून बोलत होते न, तवा मले काईच आयकू येत नोतं.” आम्ही काय बोललो ते आठवत नाही.

बुद्धाच्या संघात चुल्लपंथक नावाचा भिक्खू होता. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ झाली नाही, म्हणून त्याच्या थोरल्या भावानेच, जो स्वतः भिक्खू होता, त्याला निघून जायला सांगितले. दाराशी रडत उभ्या असलेल्या चुल्लपंथकाला तथागतांनी गाथा पुन्हा घोकायला सांगितली नाही. त्याच्या हाती एक स्वच्छ पांढरे फडके दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. फडके मळत गेले आणि त्याला जे कळायचे ते कळले. ही कथा आपण मुलांना दरवर्षी सांगतो. तथागतांनी शिकवण्याची रीत बदलली आणि ती त्याच्या हातातून सुरू केली, याकडे आम्हां शिक्षकांचे लक्ष फार उशिरा गेले.

म्हणून आपल्या संस्थेपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे एक मागणी ठेवतो. शाळेत एक खोली या कामासाठी राखावी. त्या खोलीला फार काही लागत नाही: जाड सतरंजी, बसका पाट, भिंतीला लावलेला आरसा, मोबाइल उभा ठेवण्याचे स्टँड, खंड न पडणारे इंटरनेट, आणि बंद होणारे दार. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गावातील एका बारावी झालेल्या मुलीला किंवा सुनेला थेरपिस्टांकडे पाठवून प्रशिक्षण द्यावे आणि तिला नियमित वेतन द्यावे. सेवाभाव म्हणून फुकट राबवून घेऊ नये. आपल्या बायाबापड्यांच्या सेवाभावावर या देशाने पुरेसे चालवून घेतले आहे. गावातील आणि शेजारच्या वस्त्यांतील पालकांनी ठरलेल्या दिवशी मुलांना तिथे आणावे, दूरचा थेरपिस्ट पडद्यावर असावा आणि अलीकडे ही मुलगी असावी. वर्षातून दोन-तीनदा थेरपिस्ट स्वतः यावेत. त्यांचा प्रवासखर्च आणि मानधन माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून द्यावे. यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या मंडपाचा खर्च निम्मा केला तरी वर्षाची तरतूद होईल, असा आमचा अंदाज आहे. तो कोणाला कडू वाटल्यास क्षमस्व.

वसतिगृहातील मुलांकडेही याच नजरेने पाहावे. जे मूल पंक्तीत सर्वांत मागे राहते, ज्याचे अक्षर ओळीत बसत नाही, जे हाकेला वळत नाही, त्याचे नाव अधीक्षकांनी वहीत लिहून ठेवावे आणि तपासणी पथक येईल त्या दिवशी ती वही पुढे करावी. शिक्षा करण्यापूर्वी एकदा कान तपासून घ्यावेत.

आणि आपल्या मुलींना, मुलांनाही, बारावी विज्ञाननंतर या वाटा दाखवाव्यात. आपल्याकडे विज्ञान घेतलेल्या मुलाला डॉक्टर नाहीतर नर्स, एवढेच ठाऊक असते. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, श्रवण व वाणी या विषयांच्या पदव्या आहेत. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी शिकवली जाते. ज्यांनी या वाटेने पाऊल टाकले आहे अशा माजी विद्यार्थ्यांनी कृपया शाळेच्या कार्यालयात आपला दूरध्वनी क्रमांक कळवावा.

पोळ्याची सुटी संपल्यावर नववीतली ती मुलगी वसतिगृहात परत आली. त्या घरी आता मोबाइल पाण्याच्या माठाला टेकवून ठेवतात. तो मधूनमधून घसरतो. परवा अमरावतीच्या बाईंनी आम्हांला विचारले, शाळा जवळ आहे ना, कोणाला पाठवता येईल का? दर शुक्रवारी सायंकाळी साडेसात वाजता, अर्ध्या तासासाठी. तूर्त आम्ही स्वतः जात आहोत.